रबर चढविलेले टायर : विकत घ्यावेत की करवून घ्यावेत?

कापसाच्या व्यापारात मुरलेल्या माणसाशी भाव, ओलावा, रुईचा उतारा किंवा सरकीचा दर ह्यांपैकी कोणत्याही विषयावर बोलावे. तो तासभर थांबणार नाही. परंतु हा सारा माल ज्या चाकांवर बसून शिवारातून जिनपर्यंत येतो त्या चाकांविषयी विचारावे, तर 'ते ड्रायव्हरचे काम' एवढेच उत्तर मिळते. आम्हांस हे उत्तर मान्य नाही. वाहतुकीचा खर्च अखेर मालाच्याच अंगावर पडतो आणि त्या खर्चात डिझेलच्या खालोखाल ज्या मोठ्या बाबी येतात, त्यांत टायरची गणना होते. आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या स्वतःच्या गाड्या आहेत. ज्यांच्या नाहीत ते दर हंगामात भाड्याच्या गाड्या लावतात. तेव्हा, ह्या पानांवर असा रूक्ष विषय कशासाठी, असे कोणास वाटल्यास त्याने आपल्या खतावणीतील वाहतुकीचे खाते एकदा उघडून पाहावे, एवढीच विनंती.

प्रश्न असा आहे. झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवून तो पुन्हा चालविण्याची रीत, जिला आपण बोलण्यात रिमोल्ड किंवा रिट्रेड म्हणतो आणि शासकीय मराठीत जिला पुनःस्तरण असे भारदस्त नाव आहे, ती शेतशिवारात जाणाऱ्या ट्रकच्या बाबतीत फायद्याची आहे काय? ह्यावर आपल्यात दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, रिमोल्ड म्हणजे पडक्या भिंतीला नवा गिलावा. त्याच्या भरवशावर माल टाकू नये. दुसरा पक्ष म्हणतो, दगडाकाट्यांत जाणाऱ्या गाडीला कोरा टायर घालणे म्हणजे पैसे मातीत पुरणे. तिला रिमोल्डच बरा. दोन्ही पक्षांचे लोक अनुभवी आहेत, आणि दोघेही अर्धेच बोलतात, असे आमचे मत झाले आहे.

प्रथम आपला मुलूख कसा आहे ते पाहू. महामार्गावर जे शहाणपणाचे ठरते ते तलमडुगुच्या पांदणीत ठरेलच असे नाही. आदिलाबादेपासून नागपूरकडे किंवा हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४, जो पूर्वी ७ ह्या क्रमांकाने ओळखला जाई, तो सोडून आपण पश्चिमेस वळलो की काळ्या जमिनीचे राज्य सुरू होते. कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारी ही येथली पिके. पैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे माती एकच आहे. किनवट एके काळी ह्याच जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते पलीकडे गेले, पण गिऱ्हाईक, सोयरीक आणि मालाच्या गाड्या ह्यांनी ती रेषा कधी फारशी मनावर घेतली नाही.

ही काळी जमीन पावसाने फुगते आणि उन्हाने भेगाळते, त्यामुळे तिच्यावर केलेला कच्चा रस्ता दुसऱ्या वर्षी जागेवर राहत नाही. त्यावर मुरूम टाकला तर मुरमाबरोबर काळ्या पाषाणाच्या धारदार कपच्या येतात. बांधावर बाभूळ असते आणि तिचा वाळलेला काटा एखाद्या खिळ्याच्या तोडीचा असतो. परंतु ह्या सर्वांहून टायरचा मोठा शत्रू कोणता असेल, तर तो कापलेल्या तुरीचा बुडखा. पौष-माघात कापसाची वेचणी चालू असतानाच शेजारच्या तासातील तूर कापलेली असते. तिरप्या कोयत्याने कापलेले ते वीतभर बुडखे वाळून भाल्याच्या टोकासारखे होतात. भरलेला ट्रक वळविताना मागचे चाक तासात गेले की बुडखा टायरच्या बाजूच्या भिंतीत शिरतो. पुढे पऱ्हाटी काढून झाली की तिच्या सडांचा तसाच उपद्रव. महामार्गावर चालविणाऱ्या ड्रायव्हरला ह्या संकटाची कल्पनाही नसते, आणि टायरच्या कंपन्यांचे माहितीपत्रक लिहिणाऱ्यालाही बहुधा नसावी.

आता टायर म्हणजे काय, हे थोडक्यात सांगणे भाग आहे. टायरचे दोन भाग मानावेत: एक सांगाडा आणि दुसरा त्याच्या पाठीवरील झिजणारे रबर. सांगाडा हा नायलॉनच्या किंवा पोलादी तारांच्या थरांचा असतो; हवा धरून ठेवणे आणि वजन पेलणे हे त्याचे काम. पाठीचे रबर रस्ता धरते आणि झिजते. टायरच्या किमतीचा मोठा वाटा सांगाड्यात असतो, आणि पाठ झिजून गेली तरी सांगाडा निरोगी असू शकतो. रिमोल्डची सारी कल्पना ह्या एका वस्तुस्थितीवर उभी आहे. झिजलेली पाठ घासून एकसारखी करावयाची, जखमा तपासून बुजवावयाच्या, वर नवे रबर बसवावयाचे आणि उष्णता व दाब देऊन ते सांगाड्याशी एकजीव करावयाचे. ह्याला नव्या टायरच्या किमतीच्या सुमारे एक-तृतीयांश इतका खर्च येतो.

ही विद्या नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली मलाया व डच ईस्ट इंडीज जपानच्या हाती गेल्यावर दोस्त राष्ट्रांना रबराचा दुष्काळ पडला आणि जुन्या टायरवर रबर चढविण्याला मोठी चालना मिळाली. आपल्या देशात, १९४६ मध्ये मद्रासजवळ फुगे बनविण्याच्या छोट्या कारखान्यातून ज्या एम. आर. एफ. कंपनीचा उगम झाला, तिने रबराच्या मोठ्या धंद्यात पाऊल टाकले ते १९५२ साली, टायरवर चढवावयाचे रबर बनवूनच. नवे टायर ती पुढे करू लागली. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण रिमोल्ड म्हणजे कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याची जुगाडी युक्ती, असा एक समज आहे. विमानाच्या चाकांवरही रबर पुन्हा पुन्हा चढविले जाते. एस. टी. महामंडळ स्वतःच्या कारखान्यांत टायरचे पुनःस्तरण करते, आणि तीच लाल गाडी घाटातून व खडीच्या रस्त्यांवरून पन्नास माणसे घेऊन जाते.

मग विमान व एस. टी. ह्यांना जे साधते ते आपल्याला का साधू नये? साधेल. पण त्या दोघांकडे एक गोष्ट आहे, ती आपल्याकडे बहुधा नसते. प्रत्येक टायर कोणत्या दिवशी कोणत्या चाकाला बसला, किती चालला, कोठे फाटला आणि कोणी दुरुस्त केला, ह्याची त्यांच्याकडे नोंद असते. त्यांचा सांगाडा त्यांच्या ओळखीचा असतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. टायर दोन प्रकारांनी मरतो: तापून आणि फाटून. महामार्गावर तो तापून मरतो. मे महिन्यात आदिलाबादेस पारा ४५ अंशांच्या घरात असता गाठींनी भरलेला ट्रक तासाला साठ-सत्तर किलोमीटरच्या गतीने निघाला, की टायरच्या आत उष्णता साठत जाते. हवा कमी असेल तर टायर अधिक दबतो, अधिक वाकतो, अधिक तापतो. आणि चढविलेल्या रबराचा सांध कच्चा असेल तर तो अशा वेळी उघडा पडतो. महामार्गाच्या कडेला रबराच्या लांब सालपटांचे ढीग दिसतात ते ह्यामुळे. ती सगळी सालपटे रिमोल्डचीच, असे सर्रास म्हटले जाते. पण ते खरे नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या वाहतूक संशोधन संस्थेने असे तुकडे गोळा करून तपासले. २००८ साली तिने जो निष्कर्ष मांडला तो असा, की नव्या टायरचे तुकडेही त्यात भरपूर होते आणि नाशाची मुख्य कारणे रस्त्यावरील इजा व निगेतील हयगय ही होती. चढविलेले रबर सुटणे हे नव्हे.

शेतात जाणारा ट्रक मात्र तापत नाही. पांदणीत त्याची गती बैलगाडीच्या दुप्पट असली तरी पुष्कळ. शिवाय सुटा कापूस हा आकाराने मोठा पण वजनाने हलका. हौदा शिगोशीग भरला, वर जाळी ताणली, तरी गाडी वजनाने क्वचितच पुरी होते. म्हणजे रिमोल्डची जी खरी दुर्बलता, उष्णतेने सांध सुटणे, ती येथे फारशी आड येत नाही. येथवर दुसऱ्या पक्षाचे म्हणणे बरोबर आहे.

पण शिवारात टायर फाटून मरतो, आणि येथे पहिल्या पक्षाचे म्हणणे पुढे येते. कपची रबरात रुतली, तिने तळापर्यंत छेद केला, त्या छेदातून परतीच्या पावसाचे पाणी आत गेले. नायलॉनचा टायर असेल तर तेवढ्याने फारसे बिघडत नाही. थर तुटले तरच धोका. परंतु आता ट्रकच्या टायरमध्ये रेडियलचे प्रमाण फार वाढले आहे. रेडियलच्या पाठीखाली पोलादी तारांचे पट्टे असतात, आणि छेदातून पाणी तेथवर पोहोचले की तारा गंजू लागतात. वरून टायर धडधाकट दिसतो. आत गंज रांगत जातो. अशा सांगाड्यावर उत्तमांतील उत्तम रबर चढविले तरी तो एक दिवस फुगा धरणार आणि फुटणार. म्हणून शिवारात वापरलेल्या रेडियलचा सांगाडा रबर चढविण्यापूर्वी जितक्या बारकाईने तपासावा लागतो, तितका महामार्गावरच्या गाडीचा लागत नाही. आमच्या पाहण्यात हा भेद करणारे गाडीमालक थोडे आहेत.

ह्यावरून आमचे मत आम्ही एका वाक्यात सांगतो: शिवारात जाणाऱ्या ट्रकसाठी रबर चढवून घ्यावे, पण रबर चढविलेला टायर विकत घेऊ नये. आपल्याच गाडीवरून उतरलेला, आपल्याला ठाऊक असलेला सांगाडा चांगल्या कारखान्यात देऊन त्यावर रबर चढविणे हा एक व्यवहार झाला. दुकानात रंग मारून चकचकीत रचून ठेवलेला तयार रिमोल्ड उचलणे हा अगदी निराळा व्यवहार झाला. पहिल्यात आपण रबर विकत घेतो. दुसऱ्यात दुसऱ्याचा सांगाडा विकत घेतो. तो हायवेच्या टँकरवरून उतरला, की वणी-घुग्घुसच्या कोळशात दोन वर्षे रगडलेल्या टिपरवरून, की चार महिने पावसात उघड्यावर पडून होता, हे सांगण्यास तेथे कोणी नसते. आपण सराफाकडे अनोळखी सोने कसास लावल्यावाचून घेत नाही. मग अनोळखी टायर केवळ काळा दिसतो म्हणून का घ्यावा?

(खुद्द त्या खाणींतील घरासारख्या उंच डंपरांचे टायर हा स्वतंत्र विषय आहे. त्यांची ताकद टन, किलोमीटर आणि तास ह्यांच्या एकत्रित हिशेबाने मोजतात. आपल्या कामाशी त्याचा संबंध नसल्याने आम्ही त्यात शिरत नाही.)

आता पैशाचा हिशेब. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत. नवा टायर करावाचून १६,००० रुपयांचा धरू. २०२५ च्या २२ सप्टेंबरपूर्वी त्यावर २८ टक्के जी. एस. टी. होता, म्हणजे तो २०,४८० रुपयांस पडे. त्या दिवसापासून हा कर १८ टक्के झाला आणि तोच टायर १८,८८० रुपयांस पडू लागला. तयार रिमोल्ड टायरवरील कर मात्र २८ वरून १८ टक्क्यांवर १ जानेवारी २०१९ लाच आलेला होता. म्हणजे जवळजवळ पावणेसात वर्षे रिमोल्डला करात दहा टक्क्यांची सवलत मिळत होती, ती आता संपली. भाड्याच्या वाहतुकीत ज्या गाडीमालकाला भरलेल्या कराची वजावट मिळत नाही त्याच्या खिशाला हा फरक सरळ जाणवतो. तयार रिमोल्डचे दुकानदार आजही जुन्याच तोऱ्यात 'नव्याच्या निम्म्यात' म्हणत असतील, तर त्यांना हा हिशेब दाखवावा.

नवा टायर आपल्या मिश्र रस्त्यांवर ४०,००० किलोमीटर चालला असे धरले तर किलोमीटरला सुमारे ४७ पैसे पडले. त्याच सांगाड्यावर ७,००० रुपये देऊन रबर चढविले आणि तो आणखी २५,००० किलोमीटर चालला, तर त्या दुसऱ्या आयुष्याचे २८ पैसे पडले. दोन्ही मिळून सरासरी ४० पैसे. आता तयार रिमोल्ड १०,००० रुपयांस घेतला आणि तो अनोळखी सांगाड्यामुळे १५,००० किलोमीटरलाच बसला, तर किलोमीटरला ६७ पैसे पडले. म्हणजे जो सर्वांत स्वस्त म्हणून घेतला तोच सर्वांत महाग ठरला. ह्यात गाडी शिवारात अडकून पडल्याची नुकसानी धरलेलीच नाही. कापसाने भरलेल्या ट्रकचे मागचे चाक गावापासून चार किलोमीटरवर बसले, तर दुसरी गाडी, हमालांची दुहेरी मजुरी आणि बाजाराचा चुकलेला दिवस ह्यांचा आकडा टायरच्या किमतीशी स्पर्धा करतो, हे कोणास सांगावयास नको.

रबर चढविण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत कच्चे रबर टायरवर गुंडाळून तो साच्यात घालतात व सुमारे १५० अंश सेल्सियसला शिजवितात. नक्षी साच्यातच उमटते. दुसरीत नक्षीचा पट्टा आधीच शिजवून तयार असतो. तो मऊ रबराच्या पातळ थराने सांगाड्यावर चिकटवून १०० अंशांच्या थोड्या वरच्या उष्णतेत काही तास ठेवतात. ही दुसरी रीत मूळची जर्मन. १९५७ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात मस्कटीन येथे तिचा धंदा सुरू झाला आणि 'बँडॅग' ह्या नावाने तिने जग व्यापले. थंड रीतीत सांगाड्यास कमी ताप बसतो, हा तिचा मोठा गुण. महामार्गासाठी आम्ही तीच पसंत करू. परंतु शिवारात भरलेली गाडी जागच्या जागी वळविताना चाक आडवे घासते आणि पट्ट्याची कड खांद्यापाशी उचकटते. साच्यातले रबर खांद्यावरून खाली उतरलेले असते, त्यास कड अशी नसतेच. म्हणून आपल्या कामासाठी साच्यातले, खोल व जाड ठोकळ्यांच्या नक्षीचे रबर बरे, असे आमचे मत आहे. ह्यावर जाणकारांत दुमत आहे हे आम्ही जाणतो. मात्र बारीक उभ्या रेघांची महामार्गाची नक्षी चिखलात भरून जाते आणि चाक ताकातल्या रवीसारखे फिरत राहते, ह्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

टायर कधी उतरवावा, ह्या बाबतीत आपली सवय फार वाईट आहे. तो पार गोटा होईपर्यंत, किंबहुना आतले सूत दिसेपर्यंत चालवावयाचा आणि मग रबर चढविण्यास न्यावयाचे. तोवर सांगाड्याचे मातेरे झालेले असते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर ट्रकला चालत नाही. पण शिवारातल्या गाडीने ह्या मर्यादेचीही वाट पाहू नये. चार-पाच मिलिमीटर रबर शिल्लक आहे तोच टायर उतरवावा; कारण पाठ पातळ झाली की कपची थेट तारांपर्यंत पोहोचते. वरचे रुपयाभराचे रबर वाचविण्याच्या नादात खालचा दहा रुपयांचा सांगाडा घालविणे हा व्यापार नव्हे.

टायरच्या बाजूवर, लंबगोलात, चार अंकी आकडा असतो. पहिले दोन अंक आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. ३५२१ म्हणजे २०२१ सालातील पस्तिसावा आठवडा. कोणी तयार रिमोल्ड दाखविलाच, तर हा आकडा आधी वाचावा. तो घासून काढलेला आढळला तर पुढे बोलणी करू नयेत.

मागच्या जोडचाकांविषयी दोन शब्द. जोडीतील एक टायर नवा व एक चढविलेला असा घालताना दोहोंची उंची सारखी आहे ना, हे दोरीने मोजून पाहावे. अंगुळभराच्या फरकानेही मोठा टायर सारे वजन एकटा वाहतो व धाकटा नुसता घासत राहतो. शिवारातून डांबरी रस्त्यावर चढण्यापूर्वी जोडीच्या मध्ये अडकलेला दगड काढावा; तो दोन्ही टायरच्या भिंती आतून कापतो आणि कापताना बाहेरून दिसत नाही. हवेच्या बाबतीत चाकाला लाथ मारून अंदाज करण्याची प्रथा सोडून मापक वापरावा. ठरलेल्या हवेच्या पाचवा हिस्सा कमी हवेवर चाललेला टायर हा बसलेल्या स्थितीत चालला असे समजून तो उतरवून आतून तपासावा, असा ह्या धंद्यातील जाणत्यांचा दंडक आहे. ट्यूबच्या टायरची रिंग बसवून हवा भरताना समोर कोणास उभे राहू देऊ नये. रिंग निसटली तर ती गोळ्यासारखी येते.

पुढच्या चाकांना रिमोल्ड नको. अमेरिकेत बसच्या पुढच्या चाकांवर असा टायर घालण्यास कायद्यानेच बंदी आहे. ट्रकला तेथे नाही. परंतु आपल्या रस्त्यांवर आम्ही ट्रकसाठीही तोच नियम पाळावा म्हणू. मागची जोडी फुटली तर गाडी थांबते. पुढचे चाक फुटले तर गाडी ड्रायव्हरचे ऐकत नाही. तद्वतच, जी गाडी सकाळी सुंकिडीच्या शिवारात जाते आणि त्याच रात्री १७० किलोच्या शेकडाभर गाठी लादून महामार्गाने निघते, तिला मागेही चढविलेले टायर जपूनच घालावेत. शिवारात झालेली जखम आणि महामार्गावरचा ताप एकाच टायरच्या वाट्याला येतात. दोन कामांना दोन गाड्या ठेवणे शक्य नसेल, तर निदान महामार्गास लागण्यापूर्वी चाके बत्तीच्या उजेडात पाहून घ्यावीत.

आता जे सांगावयाचे ते आपल्या सभासदांपैकी ज्यांच्या स्वतःच्या गाड्या नाहीत त्यांस. भाडे ठरविताना आपण क्विंटलमागे दोन-चार रुपयांसाठी दिवस दिवस ओढाताण करतो. गाडीमालक अखेर कबूल होतो. मात्र त्या दोन-चार रुपयांची भरपाई तो डिझेलमधून करू शकत नाही, ड्रायव्हरच्या पगारातूनही फारशी नाही. ती तो टायरमधून करतो. म्हणजे आपण घासाघीस करून मिळविलेली सूट म्हणजे पुष्कळदा त्याने बाजारातून उचललेला अनोळखी रिमोल्ड असतो, आणि त्यावर आपलाच माल बसलेला असतो. कापूस आणि तापलेला टायर ह्यांचे वैर जुने आहे. जोडीतील एक चाक हवा जाऊन बसले, ड्रायव्हरच्या ते ध्यानात आले नाही आणि गाडी डांबरी रस्त्यावर तशीच धावत राहिली, तर रबर पेटते. वर सुटा कापूस असतो. हौद्यावर कापसाच्या ढिगात हमाल झोपलेले असतात, ही गोष्ट आपण रोज पाहतो आणि रोज विसरतो. विमा मालाचा असतो. त्या माणसांचा बहुधा नसतो.

म्हणून आमची सूचना अशी, की गाडी लावताना भाड्याबरोबर टायरचीही बोली करावी. पुढची चाके कोरी, मागे चढविलेले असल्यास स्वतःच्या सांगाड्यावर चढविलेले, आणि बसलेल्या जोडीने गाडी हलणार नाही. ह्या बोलीसाठी क्विंटलमागे काही अधिक द्यावे लागले तर द्यावे. मुनिमाने काट्यावर वजन घेतानाच चाकांभोवती एक फेरी मारावी. त्यास दोन मिनिटे लागतात. ज्यांच्या स्वतःच्या गाड्या आहेत त्यांनी प्रत्येक टायरवर तापलेल्या लोखंडाने क्रमांक उठवून त्याचे एक पान वहीत उघडावे: घेतल्याची तारीख, कोणत्या चाकास, किती किलोमीटर, कोठे जखम, कोणी भरली. ऋणकोचे खाते ठेवणाऱ्यास टायरचे खाते ठेवणे जड जाऊ नये. रबर चढविण्यास टायर देताना हे पान बरोबर न्यावे आणि कारागिरास दाखवावे. चांगला कारागीर ते वाचतो, आणि दहांपैकी दोन-तीन टायर 'हे होणार नाहीत' म्हणून परत करतो. जो एकही परत करीत नाही त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

टायर पाठवावयाचे ते श्रावण-भाद्रपदात, गाड्या उभ्या असतात तेव्हा. दसऱ्यानंतर हंगाम सुरू होतो, प्रत्येक कारखान्यापुढे टायरच्या उतरंडी लागतात, आणि उद्या सकाळी हवा म्हणून जो तो घाई करतो. रबर शिजण्यास जितके तास लागतात तितके लागतातच. अर्धे कच्चे बाहेर काढलेले रबर पहिल्या महिन्यातच कळते.